माइक बदलला की माणूस बदलतो?

टेक-कट्टा

नवा फोन घेतलाय, पहिला कॉल घरी लावलाय आणि पलीकडून आई विचारतेय, ‘का रे, सर्दी झालीय का? आवाज कसा येतोय तुझा!’ असं तुमच्या बाबतीत झालंच असेल. सर्दी-बिर्दी काही नसते. घसा तोच, माणूस तोच. बदललेला असतो तो फोनच्या तळाशी असलेल्या टाचणीएवढ्या भोकामागचा माइक. पण आई ती आई. दोन वाक्यांत ती सेट होते आणि जेवलास का, या मूळ मुद्द्यावर येते.

आता आईच्या जागी कॉम्प्युटर ठेवा. बँकेचा, कस्टमर केअरचा किंवा थेट फॉरेन्सिक लॅबमधला. त्याला तुमचा आवाज ओळखायचाय. त्याच्याकडे माया नाही, आठवणी नाहीत, आहेत फक्त आकडे. आणि हे आकडे तुमच्या घशातून निघतात तितकेच त्या माइकमधूनही निघतात. म्हणजे लोचा इथेच आहे, बॉस!

पुण्या-मुंबईच्या एसी ऑफिसात बसून हा प्रश्न ‘इंटरेस्टिंग’ वाटतो, तेवढंच. तो अंगावर येतो चंद्रपूर-गडचिरोलीत. स्वस्तातले फोन, एकच फोन चार जणांत, मधेच गायब होणारी रेंज आणि एका दिवसात तीन भाषा बोलणारी माणसं. आवाज ओळखणारं मशीन खरंच हुशार आहे की नुसतं लॅबमधलं लाडावलेलं बाळ, याची परीक्षा तिथेच होणार.

आवाजाचा पासवर्ड

आधी एक घोळ निस्तरू. ‘काय बोललं’ ते ओळखणं वेगळं आणि ‘कोण बोललं’ ते ओळखणं वेगळं. तुम्ही फोनला ‘आईला कॉल लाव’ सांगता तेव्हा मशीन शब्द ओळखतं. पण ‘हा मालकच बोलतोय, याला आत सोडा’ असं जेव्हा ते ठरवतं, तेव्हा ते माणूस ओळखत असतं. आपला आजचा विषय हा दुसरा.

फंडा सोपा आहे. आवाज स्वरयंत्रात तयार होतो आणि घसा, तोंड, नाक यांच्या पोकळीतून घुमून बाहेर पडतो. प्रत्येकाच्या पोकळीचा आकार, लांबी वेगळी, त्यामुळे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर मिळणार हेही वेगळं. मशीन तुमच्या बोलण्याचे २०-२५ मिलिसेकंदांचे बारीक तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यात कुठल्या पट्ट्यात किती ऊर्जा आहे ते मोजतं आणि त्यातून तुमचा एक नमुना तयार करून ठेवतं. पुढच्या वेळी तुम्ही बोललात की नवा नमुना जुन्याशी ताडून बघायचा आणि गुण द्यायचे. ठरलेल्या रेषेच्या वर गुण मिळाले तर ‘या बसा’, खाली मिळाले तर ‘सॉरी, पुन्हा प्रयत्न करा’.

आपल्याकडे २०१५ साली आयसीआयसीआय बँकेने फोन बँकिंगसाठी ही सोय आणली, तेव्हा ‘तुमचा आवाजच तुमचा पासवर्ड’ या कल्पनेने सगळे जाम खूश होते. कार्ड नंबर नको, आईचं माहेरचं नाव नको. मस्तच की! फक्त एक गोष्ट जाहिरातीत मावत नाही. मशीनच्या हाती तुमचा आवाज कधीच थेट पडत नाही. त्याला मिळतो तो माइक, फोन आणि नेटवर्क या तिघांनी हाताळलेला आवाज.

माइक नावाचा गॉगल

माइकला एक गॉगल समजा. निळ्या काचेतून बघितलं की सगळं निळसर, तपकिरीतून बघितलं की सगळं तपकिरी. प्रत्येक माइकचा असाच एक रंग असतो. कुणी बारीक, तीव्र आवाज जास्त उचलतो, कुणी खर्ज फुगवतो, कुणी मधला भाग दाबतो.

जुन्या काळ्या डबड्या फोनमध्ये कार्बनचे कण भरलेला माइक असायचा. आवाजाच्या दाबाने कण दाबले जायचे, विजेचा प्रवाह कमीजास्त व्हायचा. काम चालायचं, पण आवाज चांगलाच वाकडा व्हायचा. मग आले इलेक्ट्रेट माइक, जास्त स्वच्छ आणि सरळ. आजच्या स्मार्टफोनमध्ये असतात ते सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले मेम्स माइक, तेही बहुतेकदा एकापेक्षा जास्त. त्यांच्या मागे एक सॉफ्टवेअर बसलेलं असतं. ते पंख्याचा, ट्रॅफिकचा आवाज कापतं, तुमचा आवाज लहानमोठा करून एका पातळीत आणतं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं, पण तुमच्या आवाजातले बारकावेही त्या कात्रीत सापडतात.

त्यानंतर येतं नेटवर्क. पारंपरिक टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे नेते. ‘स’ आणि ‘श’ यांची खरी सळसळ त्याच्या वरच राहते. म्हणून तर फोनवर स्पेलिंग सांगताना आपण ‘एफ फॉर फादर, एस फॉर सन’ करत बसतो. ब्लूटूथचा इअरफोन लावून बोललात तर कॉल सुरू होताच आवाजाची क्वालिटी गाण्यांच्या मानाने धाडकन खाली येते, हे तुमच्याही कानांना जाणवलं असेल.

आता चंद्रपूरला या. कोळशाच्या खाणी, महाऔष्णिक वीज केंद्र आणि हवेतली ती प्रसिद्ध धूळ. माइकच्या भोकात धूळ साचली की वरच्या फ्रिक्वेन्सी बोथट होतात. त्यात पावसाळ्यातला ओलावा, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, भोकावर अर्धवट आलेलं दहा-वीस रुपयांचं कव्हर. फोन कागदावर तोच मॉडेल नंबरचा असेल, पण काच मात्र रोज नवी!

‘ग्रेट डिव्हाइड’ची गोष्ट

या विषयातला सगळ्यात भारी किस्सा अमेरिकेतला आहे. १९८७ मध्ये तिथे आवाज ओळखण्याच्या संशोधनासाठी ५१ पुरुषांचे आवाज टेप केले गेले. प्रत्येकाची दहा-दहा सेशन्स. हा संग्रह ‘किंग’ या नावाने ओळखला जातो. काम अर्ध्यावर आलं असताना एका ठिकाणच्या रेकॉर्डिंग यंत्रणेत थोडा बदल झाला. फरक म्हणाल तर किरकोळ, फ्रिक्वेन्सीचा उतार जरासा इकडचा तिकडे झाला.

पण प्रोग्राम चालवून बघितले तर काय, पहिल्या पाच सेशन्सवर शिकवून त्याच पाचांत परीक्षा घेतली की निकाल झकास. पहिल्या पाचांवर शिकवून पुढच्या पाचांवर परीक्षा घेतली की निकाल आपटला! माणसं तीच, बोलणं तसंच. मशीनने मात्र माणसांइतकीच यंत्रणाही पाठ केली होती. संशोधकांनी या फटीला नावच ठेवलं, ‘ग्रेट डिव्हाइड’.

मग लोकांनी मुद्दाम शोध घ्यायला सुरुवात केली. १९९७ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबमधल्या डग्लस रेनॉल्ड्स यांनी एक साधी पण भन्नाट आयडिया केली. आधीच रेकॉर्ड केलेले तेच आवाज त्यांनी वेगवेगळ्या टेलिफोन हँडसेटमधून वाजवून पुन्हा रेकॉर्ड केले. त्यात काही कार्बन माइकवाले होते, काही इलेक्ट्रेट. बोलणारा तोच, वाक्य तेच, मूडही तोच. जो काय फरक दिसेल तो फक्त हँडसेटचा. फरक दिसला, आणि चांगलाच दिसला.

आपल्याकडे आयआयटी गुवाहाटीच्या टीमने हेच काम अस्सल भारतीय परिस्थितीत केलं. त्यांनी १०० जणांचे आवाज एकाच वेळी हेडसेट, टॅब्लेट पीसी, डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर आणि दोन मोबाइल फोन अशा पाच साधनांवर टिपले. मोबाइल कुठले, तर नोकिया आणि सोनी एरिक्सनचे. वाचून जुने दिवस आठवले ना? या संग्रहामुळे ‘माणूस तोच, माइक वेगळा’ हा प्रश्न भारतीय आवाजांवर तपासता येऊ लागला.

दोन्हीकडून मार

आता नीट लक्ष द्या, कारण इथे बहुतेकांची गल्लत होते. माइक बदलला तर मशीन खऱ्या माणसाला नाकारेल, एवढं कुणालाही सुचतं. पण उलटंही होतं. माइक सारखा असला तर मशीन खोट्या माणसालाही जवळचा मानतं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पास व्हायला ७० गुण लागतात. तुम्ही ऑफिसच्या हेडसेटवर आवाजाची नोंद केलीत आणि त्याच हेडसेटवर बोललात तर ८५ मिळाले. तुम्ही स्टँडवरून गर्दीत मोबाइलवर बोललात तर ६२. म्हणजे नापास! आता तुमच्या शेजारच्या डेस्कवरचा मित्र तुमच्याच हेडसेटवर बोलला आणि त्याला नॉर्मली ४० मिळायचे तिथे ५८ मिळाले. कारण त्यातले काही गुण त्याच्या घशाचे नव्हतेच, ते हेडसेटचे होते.

मग बँक म्हणते, लोक वैतागतायत, रेषा ७० वरून ५५ वर आणा. आणली! तुम्ही स्टँडवरूनही पास झालात. आणि मित्रही पास झाला.

यात कळीचा मुद्दा असा की एकाच घरातल्या माणसांचे आवाज मुळातच जवळचे असतात. भाऊ-भाऊ, माय-लेक. त्यात घरात फोन एकच. म्हणजे घसाही मिळताजुळता आणि काचही तीच. २०१७ मध्ये बीबीसीच्या डॅन सिमन्स या पत्रकाराने ब्रिटनमधल्या एचएसबीसी बँकेत आवाजाची नोंद केली आणि त्याच्या जुळ्या भावाने त्याची नक्कल करून आठव्या प्रयत्नात आत शिरून दाखवलं. गंमत म्हणजे ते हुबेहूब दिसणारे जुळे नाहीत. या भावांना जे प्रयत्नाने जमलं, ते एकच फोन वापरणाऱ्या एखाद्या घरात न ठरवताही घडू शकतं.

झाडीपट्टीचा आवाज

गडचिरोली जिल्हा चंद्रपूरमधून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यातला बहुतेक भाग जंगल, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७३ हजारांच्या आसपास. मराठी तर आहेच, पण ती झाडीबोलीच्या वळणाची, जिथे ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. शिवाय भामरागड-एटापल्लीकडे माडिया आणि गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी आणि काही वसाहतींमध्ये बंगालीसुद्धा.

मशीनच्या दृष्टीने हा डबल घोळ. समजा एखादीने नोंद मराठीत केली आणि पुढच्या वेळी ती सवयीने माडियात बोलली, तर ध्वनी वेगळे पडतात आणि गुण घसरतात. त्यात फोन बदललेला असेल तर बघायलाच नको. आता दोष भाषेचा, माइकचा की नेटवर्कचा? मशीन तसं काही सांगत नाही. ते फक्त ‘नाही’ म्हणतं.

माइकशी झाडीपट्टीचं नातं मात्र जुनं आहे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव सुरू होतात आणि रात्रभर चालतात. वर टांगलेल्या माइकखाली उभं राहून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, हे तिथल्या नटांच्या अंगात मुरलेलं. माइकपासून दोन पावलं मागे सरलं की आवाज कसा पातळ होतो, हे त्यांना कुठल्याही इंजिनिअरइतकंच कळतं. प्रेक्षक नटाला आवाजावरून ओळखतात, कारण त्यांनी तोच आवाज वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या लाउडस्पीकरवर ऐकलेला असतो.

ही शेवटची गोष्ट सोन्यासारखी आहे. कान हुशार होतो तो एकच आवाज अनेक काचांतून ऐकून. मशीनचंही तसंच.

म्हणूनच आवाज गोळा करणारे लोक गावागावांत फिरतात. २००० च्या दशकात हेमंत पाटील आणि टी. के. बसू या संशोधकांनी आवाजावरून माणूस ओळखण्याच्या अभ्यासासाठी मराठी आवाज जमवले, तेही कोकण, विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश असे चार बोलीविभाग धरून आणि चक्क टेपरेकॉर्डर-कॅसेटवर. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने गूगलच्या मदतीने २०२२ मध्ये ‘वाणी’ प्रकल्प जाहीर केला. देशातल्या ७७३ जिल्ह्यांतून बोलणं गोळा करायचं हे त्याचं उद्दिष्ट. लोकांना चित्रं दाखवायची आणि ‘यात काय दिसतंय ते तुमच्या भाषेत सांगा’ म्हणायचं. पहिल्या टप्प्यातल्या महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांत चंद्रपूरही आहे. अशा कामाचा मूळ हेतू बोलणं समजणारी मशीन घडवण्याचा असतो. पण खऱ्या माणसांचे, खऱ्या गावांतले, गोंगाटासकट आवाज जितके जास्त, तितकं कुठलंही आवाजी तंत्र कमी नाजूक होतं.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने तर साध्या फोनवरून बातम्या सांगण्याची सोय गोंडी बोलणाऱ्यांपर्यंत नेली. साधा फोन पुरतो हे त्यातून दिसलं. मात्र तिथे ऐकायला माणसं होती, हेही विसरायला नको.

वाघ एक की दोन?

चंद्रपूर म्हटलं की ताडोबा आलंच. तिथले वाघ मोजतात ते कॅमेरा ट्रॅपने, पट्ट्यांवरून. प्रत्येकाचे पट्टे वेगळे. पण वाघाला आवाजावरून ओळखता येईल का? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी वाघांच्या लांबवर जाणाऱ्या डरकाळ्या तपासून दाखवलं की होय, प्रत्येक वाघाची डरकाळी ओळखण्याइतकी वेगळी असते.

लांडग्यांवर तर आपल्या महाराष्ट्रातच काम झालंय. भारतीय वन्यजीव संस्थेच्या सौगत साधुखान, बिलाल हबीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लांडग्यांच्या आवाजांचा अभ्यास केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात पाच लांडग्यांच्या ४९ कोल्ह्या घेऊन प्रोग्राम शिकवला, तेव्हा कोणती कोल्ही कुणाची हे ९८ टक्के बरोबर आलं. चार नव्या लांडग्यांच्या २० कोल्ह्या दिल्या तेव्हा आकडा ७५ टक्क्यांवर आला. बाहेरचं, न शिकवलेलं काही समोर आलं की गुण उतरतात, हा तोच नियम. लांडग्याचा आवाज सहा किलोमीटरच्या पुढेही ऐकू येतो, म्हणून हे तंत्र जंगलात कामाचं. पण अंतर वाढलं की वरच्या फ्रिक्वेन्सी हवेत आणि पानांत विरतात. म्हणजे जंगल स्वतःच एक मोठा माइक आहे, आणि ऋतूप्रमाणे बदलणारा!

आता कल्पना करा की मोहर्लीच्या बाजूला एका कंपनीचे रेकॉर्डर लावले आणि कोळसा रेंजमध्ये दुसऱ्या कंपनीचे. एकच वाघ दोन्हीकडे फिरला. माइकचा रंग वजा केला नाही तर कॉम्प्युटर सांगेल, दोन वाघ. अशा दहा चुका झाल्या की कागदावर जंगल एकदम भरभराटलेलं. म्हणून असा अभ्यास करणाऱ्यांनी सगळीकडे एकाच प्रकारचे रेकॉर्डर लावायचे आणि आधी ते एकमेकांशी ताडून घ्यायचे, हे पथ्य पाळावंच लागतं.

कोर्टात गेलं तर?

बँकेने नाकारलं तर आपण चिडतो, पिन टाकतो, विषय संपतो. कोर्टात आवाज जुळला किंवा नाही जुळला, तर माणसाचं आयुष्य पणाला लागतं.

टेप पुरावा म्हणून चालते का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या आर. एम. मलकानी खटल्यात हाताळला. खटला मुंबईचा. संभाषण विषयाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि टेपमध्ये फेरफार झालेला नाही हे सिद्ध व्हायला हवं, असं कोर्टाने सांगितलं. १९८५ च्या राम सिंग खटल्यात आणखी एक अट ठळक झाली. आवाज स्पष्ट ऐकू यायला हवा, इतर गोंगाटात हरवलेला नको. पुढे २ ऑगस्ट २०१९ रोजी रितेश सिन्हा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की तपासासाठी आवाजाचा नमुना द्यायला मॅजिस्ट्रेट सांगू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये तर आवाजाच्या नमुन्याचा थेट उल्लेखच आहे.

कायद्याने नमुना मिळवून दिला. पण तो कुठल्या माइकवर घ्यायचा? वादातलं रेकॉर्डिंग धावत्या जीपमधून आलेल्या मोबाइल कॉलचं आणि नमुना शांत खोलीत, चांगल्या माइकवर घेतलेला, अशी तुलना म्हणजे ओल्या मातीतला ठसा आणि शाईतला ठसा शेजारी ठेवण्यासारखं. फरक दिसणारच. तो माणसाचा की माइकचा, हे सांगायला तज्ज्ञाला शक्यतो तसाच फोन, तशीच लाइन वापरून घेतलेला नमुना लागतो. गडचिरोलीतल्या एखाद्या माडिया माणसावर फोनवरच्या आवाजावरून संशय आला, तर हा प्रश्न त्याच्या वकिलाने पहिल्याच दिवशी विचारायला हवा. ‘रिपोर्टमध्ये किती टक्के जुळलं’ याच्या आधी ‘कशावर रेकॉर्ड केलं?’

काच पुसायची कशी?

याचा पहिला मोठा तोडगा एका भारतीयाच्या नावावर आहे. कानपूरमध्ये जन्मलेले बिष्णू अटल अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये होते. १९७४ च्या शोधनिबंधात त्यांनी एक साधी युक्ती मांडली. माइकचा रंग संपूर्ण बोलण्यावर सारखाच चढतो, बोलणं मात्र क्षणाक्षणाला बदलतं. मग सगळ्या बोलण्याची सरासरी काढा आणि ती प्रत्येक क्षणातून वजा करा. जे कायम होतं ते गेलं, जे बदलतं ते उरलं. गॉगलच्या काचेचा निळेपणा मोजून फोटोतून काढून टाकण्यासारखंच. ही युक्ती पुढे कित्येक वर्षं जवळजवळ प्रत्येक सिस्टिममध्ये होती.

पण सरासरीसाठी बोलणं जरा लांब हवं. तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणालात तर सरासरीत माइकबरोबर तुम्हीही वजा होता! शिवाय गोंगाट वरून मिसळलेला असतो, तो असा निघत नाही. कार्बन माइकने किंवा गोंगाट कापणाऱ्या सॉफ्टवेअरने आवाज वाकवलेला असेल, तर तोही निघत नाही.

२००० च्या दशकात कॅनडातल्या पॅट्रिक केनी यांनी गणितानेच दोन कप्पे केले, हा बदल माणसामुळे आणि हा बदल सेशन-माइकमुळे. २०१८ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कवाले एक्स-व्हेक्टर आले. त्यांना शिकवताना तेच आवाज मुद्दाम गोंगाट मिसळून, घुमवून पुन्हा पुन्हा ऐकवतात. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाचीच ट्रेनिंग म्हणा ना! यामुळे चुका खूप कमी झाल्या. पण ज्या फोनचे, ज्या गावांचे, ज्या भाषांचे आवाज शिकवण्यात आलेच नाहीत, तिथे मशीन अजूनही चाचपडतं.

आणि आता नवी डोकेदुखी, नकली आवाज. फेब्रुवारी २०२३ मध्ये जोसेफ कॉक्स या पत्रकाराने स्वतःचाच आवाज एआयने बनवून ब्रिटनमधल्या लॉइड्स बँकेच्या फोन सिस्टिमला गंडवलं. इथे मात्र माइक आपल्या बाजूने येऊ शकतो. स्पीकरवर वाजवून पुन्हा टिपलेल्या आवाजावर दोन काचांचे रंग असतात, आणि तज्ज्ञ नेमके तेच शोधतात. इतकी वर्षं ज्या डागाला शिव्या घातल्या, तोच आता पुरावा!

तुमच्यासाठी फंडे

- आवाजाची नोंद करताना तोच फोन वापरा, ज्यावरून पुढे बोलणार आहात. फोन बदलला तर नोंद नव्याने करा.
- ब्लूटूथ आणि स्पीकरफोन टाळा. फोन तोंडापासून नेहमीच्या अंतरावर धरा.
- माइकच्या भोकावरचं कव्हर तपासा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, टाचणी आत खुपसू नका.
- एक-दोन शब्दांऐवजी पूर्ण वाक्यं बोला. मशीनला जितकं जास्त ऐकायला मिळेल तितकं बरं.
- पैशांच्या व्यवहाराला फक्त आवाजावर विसंबू नका. पिन किंवा ओटीपी हवाच.
- ‘मी अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा ओळखीच्या आवाजात फोन आला तर ठेवून द्या आणि तुमच्याकडच्या नंबरवर उलट फोन करा. घरात एक गुप्त शब्द ठरवून ठेवा.

आणि तुमच्यापैकी जे बँकांत, टेलिकॉममध्ये, स्टार्टअपमध्ये असे प्रॉडक्ट बनवताय त्यांना एकच विनंती. मीटिंगमध्ये ‘९९ टक्के अॅक्युरसी’ची स्लाइड आली की हात वर करा आणि विचारा, कुठल्या फोनवर? भामरागडच्या बाजारात कुणी हे वापरून बघितलंय का? सिरोंच्यात? घुग्घुसच्या खाणीत पाळी बदलताना? उत्तर ‘नाही’ असेल तर ज्याचा फोन जुना, त्याला दुसरा दरवाजा ठेवा. पिन, फिंगरप्रिंट किंवा पलीकडे बसलेला एक जिवंत माणूस. स्वस्त माइक असणं हा काही गुन्हा नाही, आणि त्यापायी कुणाला स्वतःच्याच खात्याबाहेर ताटकळत उभं राहायला लागू नये.